लाँग इन द टूथ (अल्बम)

अमेरिकन गायक-गीतकार बिली जो शेव्हर (1939–2020) याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. लाइटनिंग रॉड रेकॉर्ड्सने तो 5 ऑगस्ट 2014 रोजी काढला, तेव्हा शेव्हरची पंचाहत्तरी 11 दिवसांवर आली होती. निर्मिती रे केनेडी व गॅरी निकोल्सन यांची, गाणी दहा.

शेव्हर आउटलॉ कंट्रीचा (आउटलॉ म्हणजे कायद्याबाहेरचा, फरारी). अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या कंट्री संगीतातली ही धारा 1970 च्या दशकात, त्या संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या रेकॉर्ड कंपन्यांविरुद्धच्या कुरबुरीतून निघाली. गाणी कोणती, वादक कोण, मागे व्हायोलिनांचा ताफा किती, हे सारे कंपनी ठरवी. वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन प्रभृतींनी हे अधिकार स्वतःकडे ओढून घेतले. जेनिंग्जचा ‘हाँकी टाँक हीरोज’ (1973) हा या धारेचा पायाभूत अल्बम. त्यातले एक गाणे वगळता बाकी सगळी शेव्हरने एकट्याने किंवा कुणाबरोबर लिहिलेली. टेक्ससमधल्या कॉर्सिकाना गावी जन्मलेल्या शेव्हरने लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताच्या दोन बोटांचा बराचसा भाग गमावला होता, तरी गिटार सोडली नाही. नाव मात्र त्याची गाणी गाणाऱ्यांचे झाले.

‘हार्ड टू बी अॅन आउटलॉ’ हे पहिलेच गाणे अल्बमचा कणा आहे. त्यात शेव्हरला नेल्सनची साथ आहे. ज्याला आता कुणी शोधतही नाही, असा फरारी इथे बोलतो. ज्या कच्च्या रस्त्यांवर कधी पाऊल टाकले नाही त्यांची गाणी म्हणणाऱ्या आजच्या ताऱ्यांना तो जाता जाता टोलाही हाणतो. ही तक्रार कुणा दुसऱ्या म्हाताऱ्याने केली असती तर चिडचिड वाटली असती. शेव्हरला ती शोभते. 2007 मध्ये लोरेना गावातल्या बारबाहेर त्याने एकावर गोळी झाडली. 2010 मध्ये ज्यूरीने स्वसंरक्षण मान्य करून त्याला निर्दोष सोडले. खटल्याच्या वेळी नेल्सन कोर्टात हजर होता.

शीर्षकगीतात (‘लाँग इन द टूथ’ म्हणजे वय झालेला) स्वतःच्या वयाची थट्टा आहे, तर ‘चेकर्स अँड चेस’मध्ये गरीब-श्रीमंतांतल्या अंतराविषयीचा राग. प्रेमगीते त्यामानाने साधीच. मुलगा एडी शेव्हर 2000 च्या अखेरच्या दिवशी वारला. वडिलांच्या गाण्यांना धार देणारी त्याची गिटार इथे नाही, याची उणीव जुन्या श्रोत्यांना जाणवते. आवाजही खरखरीत झालेला आहे, पण शब्द स्पष्ट पोचतात आणि शेव्हरच्या बाबतीत महत्त्वाचे तेच.

‘हार्ड टू बी अॅन आउटलॉ’ आणि ‘द गिट गो’ ही दोन गाणी नेल्सनने आपल्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या अल्बममध्ये घेतली होती. तो जून 2014 मध्ये येऊन बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री अल्बमांच्या यादीत अव्वल ठरला. शेव्हरचा अल्बम त्याच यादीत 19 व्या क्रमांकापर्यंत गेला.