बंट होमरन

बंट होमरन हा 'मोएरो!! पुरो याक्यू' नावाच्या जपानी बेसबॉल गेममधला गाजलेला ग्लिच, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. (होमरन म्हणजे बेसबॉलमधला सिक्सर, बॉल थेट कुंपणापलीकडे.) होतं असं की काही ठरावीक दांडगे बॅटर बंट करायला म्हणून बॅट नुसती आडवी धरतात, बॉल येऊन तिला लागतो आणि सरळ कुंपणापलीकडे जातो. गेम जालेको कंपनीचा, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलसाठी 26 जून 1987 ला आलेला, आणि प्रत्यक्षात बनवून दिला तो तोसे या कंपनीने, जिचा धंदाच दुसऱ्यांसाठी गेम बनवायचा आणि स्वतः पडद्यामागे राहायचं असा आहे. जपानमध्ये या गेमला थोडक्यात मोएपुरो म्हणतात. 10 लाखांच्या वर कॅसेट खपल्या आणि तरी वाईट गेम्सची यादी निघाली की याचं नाव हमखास येतं, आणि यादीत नाव घालणारे बहुतेक जण तो तासन् तास खेळलेले असतात ही गंमत वेगळीच.

बंट म्हणजे काय, आणि यात विचित्र काय

बेसबॉल फारसं न बघणाऱ्यांसाठी: बंट करताना बॅटर बॅट फिरवत नाही, एक हात दांड्यावर वर सरकवतो, बॅट प्लेटसमोर (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) आडवी धरतो आणि बॉलचा जोर मारून तो पायाजवळच, दहा-पंधरा पावलांत पडेल असं बघतो. हेतू बहुतेक वेळा त्यागाचा असतो, म्हणजे स्वतः आऊट झालो तरी चालेल पण बेसवरचा आपला रनर एक बेस पुढे सरकला पाहिजे. थोडक्यात राहुल द्रविडने मान खाली घालून फॉरवर्ड डिफेन्स केला आणि बॉल साईटस्क्रीनवरून स्टेडियमबाहेर गेला, अंपायरने शांतपणे दोन्ही हात वर केले, असा हा प्रकार आहे.

त्यात जपान म्हणजे बंटचा देश. तिकडे पहिला बॅटर बेसवर पोचला की दुसऱ्याने बंट करायचा हे जवळजवळ ठरलेलं असतं, शाळेच्या टीमपासून प्रोपर्यंत. योमिउरी जायंट्सचा मासाहिरो कावाई याच्या नावावर कारकीर्दीत 533 त्यागाचे बंट आहेत आणि तो जागतिक विक्रम आहे, यावरून काय ते समजा. त्यामुळे टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक पोराला बंट कसा दिसतो, बॉल कुठे पडतो, त्याच्यावर कोण धावतं हे सगळं पाठ होतं, आणि म्हणूनच तो बॉल हवेत वर वर जाताना बघून जो धक्का बसला असेल तो अमेरिकेत किंवा आपल्याकडे बसला नसता.

असं का होतं

गेममधल्या बॅटरमागे आकडे असतात, अ‍ॅव्हरेज आणि होमरन. 1987 च्या गेमच्या डोक्यात साहजिकच त्याआधीचे सीझन होते, आणि ते सीझन काय होते बघा: हानशिन टायगर्सच्या रँडी बासने 1985 ला 54 होमरन आणि ट्रिपल क्राऊन (अ‍ॅव्हरेज, होमरन आणि आपल्या बॅटिंगवर आलेले रन, तिन्हीत लीगमध्ये पहिला), 1986 ला परत ट्रिपल क्राऊन, 47 होमरन, आणि .389 अ‍ॅव्हरेज जे जपानमध्ये अजून कोणी मोडलेलं नाही. त्याच 1986 ला लोत्ते टीमच्या हिरोमित्सु ओचिआईचे 50 होमरन आणि त्याचाही ट्रिपल क्राऊन (दोन वेगळ्या लीग, म्हणून दोघांनाही मिळाला), जायंट्सच्या वॉरन क्रोमार्टीचं .363. असले लोक गेममध्ये घालायचे तर ते भीतीदायक वाटले पाहिजेत, म्हणून ताकदवान बॅटरच्या बॅटला बॉल नीट लागला की तो लांबच जाणार अशी सोय केलेली.

घोळ इथेच झाला असावा. बॉल बॅटला लागला की बॉल कुठे लागला, कोणाच्या बॅटला लागला हे बघितलं जातं, पण बॅट फिरवली होती की नुसती धरली होती याला जेवढं वजन द्यायला पाहिजे तेवढं दिलं गेलं नाही असं दिसतं. म्हणजे आकड्यात ताकद आहे ना, मग झालं. माझ्या मते म्हणूनच हा ग्लिच रँडम गडबडीसारखा वाटत नाही, स्क्रीनवर कचरा दिसणं किंवा गेम हँग होणं या जातीतला हा नाही, गेमने स्वतःचाच नियम इमानदारीत पाळला आणि नियम अर्धवट होता. किरकोळ बॅटरने बंट केला तर तो बंटसारखाच पडतो. त्यामुळे खेळणाऱ्यांना पॅटर्न लगेच सापडला, बासच्या किंवा क्रोमार्टीच्या तोडीचा माणूस आला की बंट.

कॅमेऱ्याचा भाग

हा ग्लिच एवढा वापरला का गेला याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. मोएपुरोच्या आधीचे गाजलेले बेसबॉल गेम, म्हणजे निन्टेंडोचा 1983 चा 'बेसबॉल' आणि नामकोचा डिसेंबर 1986 चा 'फॅमिली स्टेडियम' (सगळे फामिस्ता म्हणतात), दोन्ही बॅटरच्या मागून दिसतात, बॉल आपल्याकडे येतो. मोएपुरोने टीव्हीवरच्या मॅचसारखं दाखवायचं ठरवलं, कॅमेरा पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या मागे. पिचर मोठा, जवळ, छान अ‍ॅनिमेशन, आणि वर कॅसेटमध्ये आवाजासाठी वेगळी चिप बसवलेली म्हणून अंपायर चक्क बोलतो. 1987 मध्ये दुकानात हे चालू असेल तर पोरं जागची हलली नसणार.

पण बॅटिंग करणाऱ्याची मात्र वाट लागली. तुमचा बॅटर स्क्रीनच्या वरच्या बाजूला लांब उभा, आणि बॉल तुमच्यापासून दूर, लहान लहान होत जाणार. तो नक्की कधी प्लेटवर पोचला, किती उंचीवर आहे, स्ट्राईक झोनच्या (बॅटरने मारायलाच हवा अशा टप्प्याच्या) आत आहे की बाहेर, हे दोन-चार पिक्सेलवरून ओळखायचं. त्यात स्ट्राईक-बॉलचे निर्णयही वादग्रस्त, डोळ्याला सरळसरळ बाहेर दिसणारा बॉल अंपायर खणखणीत आवाजात स्ट्राईक देतो, ही तक्रार बंट होमरनच्या खालोखाल ऐकायला मिळते. स्विंग करायची तर टायमिंग लागतं, आणि टायमिंगसाठी जे दिसायला पाहिजे तेच दिसत नाही. बंटला टायमिंग लागत नाही, बॅट आधीच तिथे असते, बॉलच्या लाईनमध्ये नेली की काम झालं. म्हणजे जो शॉट सगळ्यात सोपा तोच सगळ्यात लांब जाणारा, आता कोण कशाला स्विंग करेल.

वापर आणि बचाव

साधा हिशोब असा की बंटचा फायदा ताकदवान बॅटरलाच, म्हणून लाईनअपमध्ये त्यांच्या आधी बेसवर पोचणारे लोक ठेवायचे आणि दोघं-तिघं बेसवर असताना बंट करायचा, एका धरलेल्या बॅटवर तीन-चार रन. एक सावधगिरी मात्र बेसबॉल म्हणून लक्षात ठेवायची: खऱ्या नियमात दोन स्ट्राईक असताना बंट फाऊल गेला तर बॅटर आऊट असतो, साध्या स्विंगचा फाऊल असता तर वाचला असता, म्हणून ज्याला बंट करायचाय तो लवकर करतो.

पिचिंग करणाऱ्याकडे उपाय फार नाहीत. बॉल बॅटला लागूच द्यायचा नाही एवढाच खरा उपाय, म्हणजे बाहेर बाहेर टाकत राहायचं आणि बाससारख्याला सरळ वॉक (चार बॉल बाहेर टाकले की मिळणारा फुकटचा पहिला बेस) देऊन टाकायचा, एक बेस गेला तर गेला. यात एक मजेशीर योगायोग आहे, 1985 च्या शेवटी बासला सदाहारु ओच्या तेव्हाच्या एका सीझनमधल्या 55 होमरनच्या विक्रमाच्या बरोबरीसाठी एकच होमरन हवा होता आणि शेवटच्या मॅचमध्ये समोरच्या टीमने, जिचा मॅनेजर ओ स्वतः होता, त्याला वॉकवर वॉक दिले. तेव्हा खऱ्या मैदानावर ज्याच्यावर टीका झाली तोच डावपेच दोन वर्षांनी गेममध्ये अगदी योग्य ठरला. दोघांनी खेळायचं असेल तर बंट चालणार की नाही हे आधीच ठरवून घेतलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या इनिंगला रिमोट फेकाफेकी.

अमेरिकेतला भाऊ

हाच गेम 1988 मध्ये अमेरिकेत 'बेसेस लोडेड' नावाने आला. तिथे जपानी टीम चालणार नव्हत्या आणि मेजर लीगचं (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगचं) लायसन्स नव्हतं, म्हणून 12 काल्पनिक टीम, बोस्टन, न्यूयॉर्क, टेक्सस हे ठीक पण हवाई, युटा आणि ओमाहा पण, आणि खेळाडूंची नावं कोणीतरी घाईत जुळवल्यासारखी. तिथली चर्चा बंटपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींची जास्त होते.

एक म्हणजे पेस्ट. न्यू जर्सीचा बॅटर, अ‍ॅव्हरेज .467 आणि 60 होमरन. मेजर लीगमध्ये टेड विल्यम्सने 1941 ला .406 केलं त्यानंतर तिथे .400 कोणालाही जमलेलं नाही, आणि गेम आला तेव्हा एका सीझनला 60 च्या पुढे एकटा रॉजर मॅरिस गेलेला, 1961 ला 61. हा पेस्ट दोन्ही एकदम करून बसलेला. ग्लिच नाही हा, पण गेममध्ये असा माणूस असला की टीम निवडायचा प्रश्नच संपतो.

दुसरी गोष्ट मारामारीची. पिचरने मुद्दाम बॉल अंगावर मारला तर प्रत्येक टीममधला एकच बॅटर असा असतो जो बॅट टाकून पिचरवर धावून जातो, बाकीचे निमूट पहिल्या बेसवर जातात. तो बहुतेक वेळा टीमचा सगळ्यात भारी बॅटर असतो पण गेम सांगत नाही, स्वतः शोधायचं. मग लोक मॅच सोडून एकेकाला बॉल मारून बघायचे, कोण भडकतो. पुढे 'बेसेस लोडेड 2' मध्ये प्रत्येक खेळाडूला बायोरिदम दिला, म्हणजे आज त्याचा दिवस चांगला की वाईट हे बघून टीम लावायची, एकाच हिरोवर मॅच काढायच्या सवयीला थोडा लगाम.

इतर गेममधले असेच प्रकार

फामिस्तामध्ये बंट होमरन नाही पण पिनो आहे. नामको स्टार्स ही नामकोच्या स्वतःच्या कॅरेक्टर्सची टीम, त्यात पिनो हा 'टॉय पॉप' गेममधून आलेला आणि भयानक पळणारा. ताकद नाही, पण जमिनीवरून हळू जाणारा बॉल सुद्धा त्याला बेसवर पोचायला पुरतो, बंट तर काय विचारूच नका. तिथे ताकदीऐवजी वेगाचा आकडा कोणी आवरला नाही एवढाच फरक.

फामिस्ताच्याच पायावर अमेरिकेत 'आर.बी.आय. बेसबॉल' उभा राहिला, घरी खेळायची आवृत्ती टेंजेनची. त्यात खेळाडू संघटनेचं लायसन्स असल्याने नावं खरी, पण लीगचं नसल्याने टीमना फक्त शहरांची किंवा राज्यांची नावं. तिथला पिनो म्हणजे सेंट लुईसचा व्हिन्स कोलमन, ज्याने खऱ्या आयुष्यात 1985, 86, 87 अशी सलग तीन वर्षं शंभराच्या वर बेस चोरले (बॉल मारला न जाताच पुढच्या बेसवर पळून पोचणं). गेममध्ये तो पहिल्या बेसवर पोचला की दुसरा आणि तिसरा जवळजवळ त्याचेच, त्याला थांबवायचा मार्ग म्हणजे तो बेसवर पोचणारच नाही हे बघणं. 10 रनची आघाडी झाली की मॅच तिथेच संपते, त्यामुळे सुरुवातीला सुसाट सुटायचं आणि जेवायच्या आत मॅच मिटवायची हाही त्या गेमचा एक मान्य डावपेच. पिचर थकतो आणि बॉलचा वेग पडतो, ते ओळखून वेळेत बदली करणारा जिंकतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉमच्या नकला आल्या, त्यांच्या 'इतके-इतके गेम एकात' वाल्या कॅसेटमध्ये निन्टेंडोचा 1983 चा 'बेसबॉल' बऱ्याचदा असायचा. त्यात फील्डर आपापले धावतात, आपल्या हातात फक्त थ्रो. नियम माहीत नसलेली पोरं दोन मॅच खेळून परत 'कॉन्ट्रा'कडे वळायची.

नंतर

1988 मध्ये जालेकोने 'मोएरो!! पुरो याक्यू 88' काढला, नावात 'निर्णायक आवृत्ती' असं ठोकून सांगितलेलं, आणि पुढेही मालिका चालू राहिली. मूळ गेमच्या काळी आणि लाल अशा दोन आवृत्त्या आहेत, जमवणारे दोन्ही शोधतात. जालेको पुढे बुडाली, तिच्या गेम्सचे हक्क सिटी कनेक्शन या कंपनीकडे गेले, आणि ज्या ग्लिचवरून एकेकाळी शिव्या पडल्या त्याची आठवण ठेवून होमरन मारायचे छोटे गेम निघाले.