न शिजवलेल्या जेवणाची पार्श्वभूमी आणि ४८ अंशांची रेघ

घरी अपक्वाहार, म्हणजे न शिजवलेलं अन्न खाणं, करून पाहायला घेतला की पहिल्याच आठवड्यात एक आकडा समोर येतो: ४८ अंश सेल्सिअस. कुणी ४२ सांगतं, कुणी ४०. त्या रेघेखालचं अन्न ‘जिवंत’, वरचं ‘मृत’. पाककृती, डिहायड्रेटरवरची (अन्न वाळवायच्या यंत्रावरची) खूण, पाकिटावरचा शब्द, सगळं या रेघेला धरून चालतं. म्हणून इतिहास सांगायचा तर या रेघेचाच सांगायला हवा.

माणसाच्या अग्निवापराची खूण दक्षिण आफ्रिकेतल्या एका गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाते. मुद्दाम न शिजवता खाण्याची आजची पद्धत मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांची. १९०० च्या सुमारास झुरिचमधला एक डॉक्टर रुग्णांना जेवणाआधी किसलेलं सफरचंद, चमचाभर भिजवलेलं ओट, लिंबू, सुका मेवा आणि डब्यातलं आटवलेलं दूध देऊ लागला. मांस म्हणजेच ताकद, असं मानण्याचा तो काळ. त्यामुळे त्याची टिंगल झाली. वनस्पतींत साठलेली सूर्याची शक्ती शिजवल्याने कमी होते, हा त्याचा विचार आज टिकत नाही. फळं-भाज्यांना ताटात मान मिळवून देण्याचं त्याचं काम मात्र टिकलं. आणि त्या वाटीत आटवलेलं दूध होतं, हे विसरू नये. त्याच्याकडे कुठलीच रेघ नव्हती.

रेघ आली ती अमेरिकेतल्या एका डॉक्टराच्या एन्झाइम सिद्धांतातून. एन्झाइम म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं. जन्मतः शरीराला एन्झाइमांचा ठरावीक साठा मिळतो, शिजवलेलं अन्न तो खर्च करतं, कच्चं अन्न स्वतःची एन्झाइम घेऊन येतं, अशी ती मांडणी होती. ११८ अंश फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण ४८ सेल्सिअसला, ती नष्ट होतात असं त्याने सांगितलं. पण प्रत्येक एन्झाइमची उष्णता सोसण्याची मर्यादा वेगळी असते. वनस्पतीतली एन्झाइम वनस्पतीच्या कामासाठी असतात आणि ती प्रथिनंच असल्याने बहुतेक जठरातल्या आम्लात मोडतात. शरीर आपली एन्झाइम रोज नव्याने बनवतं. तरी या सिद्धांताला सरसकट मोडीत काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. ब्रोकोली चिरली की तिच्यातलं एक एन्झाइम सल्फोराफेन हे उपयुक्त मानलं जाणारं द्रव्य तयार करतं. थेट उकळत्या पाण्यात टाकली तर ते एन्झाइम निकामी होतं. चिरून थोडा वेळ ठेवून मग शिजवली, तर बरंचसं काम आधीच झालेलं असतं. उलट टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. एकच रेघ सगळ्या भाज्यांना लावता येत नाही ती यामुळे.

दुसरा गुंता ‘कच्चं’ या शब्दाचा. मराठीत तर तो दुहेरी आहे, कारण न पिकलेलंही कच्चंच. अपक्वाहार म्हणताना ‘पक्व’चेही पिकलेलं आणि शिजलेलं असे दोन्ही अर्थ मागे उभे राहतात, आणि हा आहार घेणारा माणूस खातो ती पिकलेली पण न शिजवलेली फळं. बाजारात गुंता आणखी वाढतो. ‘कच्चा’ काजू बहुधा वाफवून किंवा भाजूनच फोडलेला असतो, कारण टरफलातलं तेल कातडी पोळवतं. ओटचे पोहे वाफ देऊन चपटे केलेले असतात. कोकोच्या बिया आंबवतानाच त्यांचा ढीग आपसूक ५० अंशांच्या आसपास तापतो.

सगळ्यात मोठा वाद बदामाचा. कॅलिफोर्नियाच्या बदामांतून साल्मोनेला या जंतूच्या दोन साथी झाल्यावर सप्टेंबर २००७ पासून तिथले बदाम जंतुमुक्त करणं सक्तीचं झालं, वाफेने किंवा प्रॉपिलीन ऑक्साइड वायूने. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलेल्या थोड्या मालाला आणि परदेशातून येणाऱ्या बदामांना सूट मिळाली. काही उत्पादक कोर्टात गेले. सक्ती मला समजते. पण प्रक्रिया केलेल्या बदामावर ‘कच्चा’ लिहायची मुभा तशीच ठेवली गेली, हे मला आजही चुकीचं वाटतं. घेणाऱ्याला खरं कळायला हवं होतं.

मोड आणि गव्हांकुराचा रस घराघरांत पोहोचला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बॉस्टनमधल्या एका संस्थेमुळे. खिडकीतल्या बरणीत कुणालाही करता येईल अशी ती पद्धत होती. पण आजार बरे करण्याचे दावे वाढत एड्सपर्यंत गेले आणि १९८८ मध्ये तिथल्या राज्य सरकारने कोर्टाची पायरी चढली. नंतर हॉटेलं आली, काजूचं ‘चीज’ आलं.

मोजमाप त्याहून उशिरा झालं. १९९९ मध्ये जर्मनीत पाचशेहून अधिक अपक्वाहारींची पाहणी प्रसिद्ध झाली. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा बंद पडलेली आढळली. आहारात कच्च्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकं वजन कमी. २००५ च्या दुसऱ्या जर्मन अभ्यासात ३८ टक्के लोकांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता दिसली. घरी प्रयोग करणाऱ्याने डिहायड्रेटर घेण्याआधी हे दोन आकडे वाचावेत.

मग २०११ आलं. जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली. जवळपास ४,००० जण आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. बी रुजायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते, आणि ते बियांच्या बारीक चिरांत बसले तर धुण्याने निघत नाहीत. व्यावसायिक मोडांसाठी अमेरिकेत १९९९ पासूनच बिया तीव्र क्लोरीनच्या द्रावणात भिजवायची शिफारस होती. घरच्या बरणीला यातलं काहीच नाही. तिथे खात्रीचा उपाय एकच, मोड नीट वाफवून खाणं. आणि ते केलं की पारा ४८ च्या कितीतरी वर जातो.