बागेतून पळालेले, बागेत परत आलेले

ईव्हिनिंग प्रिमरोझ म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना औषधाच्या दुकानातल्या तेलाच्या कॅप्सूल आठवतात. रोप पाहिलेले लोक थोडेच. नावात प्रिमरोझ असले तरी प्रिमरोझशी त्याचे नाते नाही. कुळाने ते आपल्या ओढ्याकाठच्या पाणलवंगेच्या भावकीतले.

मूळ घर उत्तर अमेरिका. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे बी युरोपातल्या बागांत पोचले. पहिल्या वर्षी नुसते जमिनीलगत पानांचे चक्र, दुसऱ्या वर्षी छातीएवढा दांडा आणि दिवस मावळताना बघता बघता उमलणारी पिवळी फुले. ती लांब सोंडेच्या पतंगांसाठी. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की कोमेजतात. जर्मनीत तर मुळांची भाजी करत. पण कुंपणात राहणे या झाडाच्या स्वभावातच नाही. बी उधळत ते रेल्वेच्या कडेला आणि पडीक जमिनीत पसरले.

तसल्याच एका जागी, हॉलंडमधल्या हिल्वरसमजवळच्या सोडून दिलेल्या बटाट्याच्या शेतात, १८८६ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांना त्याची मोठ्या फुलांची एक जात दिसली. काही झाडे बाकीच्यांपेक्षा चांगलीच वेगळी होती. त्यांनी रोपे ॲमस्टरडॅमच्या बागेत नेली आणि वर्षानुवर्षे पेरणी करून पन्नास हजारांहून जास्त झाडे वाढवली. मधूनच एखादे बुटके, एखादे धिप्पाड झाड निघे आणि आपला वेगळेपणा पुढच्या पिढीला देई. नवी जात अशी एका झेपेत जन्मते, असे त्यांनी १९०१ पासून मांडले. आज सर्रास वापरला जाणारा ‘म्युटेशन’ (पुढच्या पिढीत उतरणारा अचानक बदल) हा शब्द जीवशास्त्रात रुळला तो या झाडामुळे.

गंमत अशी, की झाडाने त्यांना बरेचसे चकवले होते. या जातीच्या १४ गुणसूत्रांपैकी १२ एकमेकांना टोकांनी जोडून एक गोल कडे करतात. त्यामुळे संकर असूनही झाड शुद्ध वाणासारखे वागते आणि मधूनच दडलेले गुण बाहेर टाकते. धिप्पाड झाडात तर गुणसूत्रांची संख्याच दुप्पट निघाली. (मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली नव्याने उजेडात आणणाऱ्यांत द व्ह्रीस होते, तसे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्सही. कोरेन्स यांनी पुढे पानांच्या चट्ट्यापट्ट्यांच्या आनुवंशिकतेसाठी निवडली आपली गुलबक्षी. तीही अमेरिकेचीच, आणि संध्याकाळी फुलणारी.)

घरच्या वाफ्यात लावणाऱ्याने मात्र एक दुसराच प्रयोग लक्षात ठेवावा. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वेगवेगळ्या तणांचे बी बाटल्यांत भरून पुरले होते. ८० वर्षांनी एक बाटली उकरली, तेव्हा त्यातले ईव्हिनिंग प्रिमरोझचे काही बी रुजले. या बियांना रुजायला उजेड लागतो, म्हणून पेरताना त्या मातीवर नुसत्या भुरभुरायच्या. खोल गेलेल्या गप्प पडून राहतात, पुढे कधीतरी कोणी कुदळ मारेपर्यंत.