कार्यालयीन खात्यातील लॉग-इन अडचणींचे निवारण

ईमेल, बैठका, फायली, हजेरी, रजा, पगारपत्रक ही रोजची कामे ज्या ऑनलाइन प्रणालीवर चालतात, तिच्यात शिरता न येण्याचे किंवा शिरल्यावर हवे ते उघडता न येण्याचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धत. मायक्रोसॉफ्ट ३६५ (टीम्स, आउटलुक, शेअरपॉइंट), गूगल वर्कस्पेस, स्लॅक या अशा प्रणाली जगभर वापरात आहेत. या नोंदीत मुख्यतः मायक्रोसॉफ्ट ३६५चे उदाहरण घेतले आहे. तिथले त्रुटी-संदेश क्रमांकासह येतात आणि अडचण कुठे आहे हे त्या क्रमांकावरून बऱ्याचदा लगेच कळते.

‘लॉग-इन होत नाही’ या एका तक्रारीत तीन अगदी वेगळ्या अडचणी दडलेल्या असू शकतात. प्रणाली माणसाला ओळखतच नसेल, ही पहिली. ओळखत असेल, पण आत सोडण्याची किंवा ती फाइल दाखवण्याची परवानगी नसेल, ही दुसरी. आणि ओळख तपासणारी यंत्रणाच बंद पडली असेल, ही तिसरी. वेब सर्व्हरच्या उत्तरांतही हा फरक दिसतो : ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ५०३ म्हणजे सेवाच सध्या उपलब्ध नाही. पासवर्ड बदलण्याचा उपाय फक्त पहिल्या अडचणीवर चालतो. तरीही बहुतेक लोक, आणि घाईत असलेले हेल्पडेस्कही, कोणतीही तक्रार आली की आधी पासवर्ड रिसेट करतात. परवानगीच नसलेल्या माणसाने पासवर्ड कितीदाही बदलला तरी तो बाहेरच राहतो, आणि त्याचा अर्धा दिवस त्यात जातो.

संदेशातील क्रमांक

मायक्रोसॉफ्टच्या ओळख-सेवेचे नाव जुलै २०२३ मध्ये ‘अॅझ्युअर अॅक्टिव्ह डिरेक्टरी’वरून ‘एंट्रा आयडी’ असे बदलण्याची घोषणा झाली. त्रुटी-क्रमांकांच्या आधी येणारी ‘एएडीएसटीएस’ ही अक्षरे मात्र जुन्या नावावरूनच चालत आली आहेत. क्रमांक ५०१२६ आला तर वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. ५००३४ म्हणजे त्या नावाचा माणूस त्या संस्थेच्या यादीत नाही. अशा वेळी आधी ईमेल पत्त्यातील स्पेलिंग आणि ‘@’ नंतरचा भाग पाहावा. ५००५५ म्हणजे पासवर्डची मुदत संपली आहे. ५००५७ म्हणजे खाते बंद केलेले आहे. कंत्राटाची वाढीव तारीख एचआरच्या नोंदीत चढलेली नसली की कंत्राटी कर्मचाऱ्याला हा क्रमांक दिसू शकतो. तिथे आयटी टीमकडे टिकीट (तक्रारीची नोंद) टाकून पुरत नाही, एचआरलाच गाठावे लागते. ५०१०५ आला तर खाते ठीक आहे, पण ते अॅप त्या माणसाला नेमून दिलेले नाही. ५३००३ म्हणजे संस्थेने घातलेल्या एखाद्या अटीत तो बसला नाही : लॅपटॉप कंपनीत नोंदवलेला नाही, लॉग-इन परवानगी नसलेल्या देशातून होते आहे, असे काहीतरी. सुट्टीला परदेशात गेलेला माणूस तिथून मेल उघडू पाहतो तेव्हा याच अटीपाशी अडकू शकतो.

संदेश कोणत्याही भाषेत असो, क्रमांक तोच राहतो. त्याखाली तपशिलात ‘कोरिलेशन आयडी’ नावाची लांबलचक अक्षर-अंकांची ओळ आणि वेळ दिलेली असते. टिकिटात ‘अर्जंट, चालत नाही’ एवढेच लिहिण्याऐवजी ही ओळ आणि वेळ चिकटवली तर अॅडमिनला लॉग-इनच्या नोंदींत नेमका तो प्रयत्न सापडतो. या नोंदी एंट्राच्या मोफत आवृत्तीत ७ दिवस आणि सशुल्क आवृत्तीत ३० दिवस दिसतात. म्हणून तक्रार ताजी असतानाच करावी. महिन्यानंतर ‘मागे एकदा असे झाले होते’ म्हटले तर, संस्थेने नोंदी वेगळ्या साठवल्या नसतील तर, पाहायला काही उरलेले नसते.

खाते लॉक होणे

क्रमांक ५००५३ म्हणजे खाते लॉक झाले आहे. एंट्रामध्ये मुळात ठरवलेली मर्यादा १० चुकीच्या प्रयत्नांची आहे. त्यानंतर खाते एक मिनिट लॉक होते आणि चुका चालूच राहिल्या तर हा काळ वाढत जातो. प्रणाली शेवटच्या तीन चुकीच्या पासवर्डांचे ठसे लक्षात ठेवते, त्यामुळे तोच चुकीचा पासवर्ड पुन्हापुन्हा टाकला तर ती नवी चूक धरली जात नाही. नेहमीच्या ठिकाणाहून आणि अनोळखी ठिकाणाहून झालेले प्रयत्न ती वेगवेगळे मोजते, म्हणजे दूरवरून कोणी खात्यावर हल्ला करत असेल तरी खऱ्या मालकाची वाट सहसा अडत नाही. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि लॉक झालेल्या माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही : थोडे थांबून एकदाच, नीट पाहून, कॅप्स लॉक तपासून पासवर्ड टाकावा.

कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरील अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या यंत्रणेत) मात्र वेगळाच त्रास होतो. माणूस सोमवारी लॅपटॉपवर पासवर्ड बदलतो आणि त्यानंतर दर थोड्या वेळाने खाते आपोआप लॉक होऊ लागते. त्याने स्वतः एकही चूक केलेली नसते. जुना पासवर्ड कुठेतरी साठून राहिलेला असतो : फोनमधील मेल अॅपमध्ये, घरी पडलेल्या टॅबमध्ये, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, जोडून ठेवलेल्या नेटवर्क ड्राइव्हमध्ये किंवा एखाद्या जुन्या संगणकावर उघड्या राहिलेल्या सत्रात. ते उपकरण मागच्या मागे जुन्या पासवर्डने धडका देत राहते. अशा वेळी अॅडमिनने नुसते अनलॉक करून परत पाठवू नये. सर्व्हरच्या सुरक्षा-नोंदीत घटना क्रमांक ४७४० शोधावी. लॉक कोणत्या संगणकामुळे झाले त्याचे नाव तिथे असते आणि ते मिळाले की सगळी शोधाशोध त्या एका उपकरणापुरती उरते.

ब्राउझरमधील गोंधळ

पासवर्ड बरोबर, खाते चालू, तरी पान पुन्हापुन्हा लॉग-इनवरच परत येते, ही तक्रार बहुधा कुकींची, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदींची, असते. तपासायला सोपी रीत आहे : इन्कॉग्निटो (आधीच्या कुकी न वापरणारी) खिडकी उघडून तिथे लॉग-इन करून पाहावे. तिथे झाले तर खाते निर्दोष आहे आणि दोष नेहमीच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या कुकींमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) आहे. मग फक्त त्या संकेतस्थळाच्या कुकी काढाव्यात. ‘सगळे क्लिअर करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात इतर सगळ्या ठिकाणांहूनही माणूस बाहेर पडतो आणि एकाऐवजी दहा पासवर्ड आठवत बसतो.

दुसरा गोंधळ दोन खात्यांचा. एकाच ब्राउझरमध्ये वैयक्तिक आणि ऑफिसचे खाते उघडे असले की टीम्सची लिंक भलत्याच खात्याने उघडू पाहते आणि ‘तुम्हाला परवानगी नाही’ असे उत्तर येते. पूर्वी ऑफिसच्याच ईमेल पत्त्यावर मायक्रोसॉफ्टचे वैयक्तिक खातेही काढता येत असे. ज्या संस्था अॅझ्युअर अॅक्टिव्ह डिरेक्टरीवर होत्या त्यांच्या पत्त्यांवर अशी नवी खाती काढणे सप्टेंबर २०१६ पासून बंद झाले, पण आधीची राहिली. त्यामुळे काहींना अजूनही ‘ऑफिस किंवा शाळेचे खाते’ की ‘वैयक्तिक खाते’ असा प्रश्न विचारला जातो, आणि चुकीचा पर्याय निवडला की ऑफिसचा पासवर्ड अर्थातच चालत नाही. यावर टिकाऊ उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये ऑफिससाठी स्वतंत्र प्रोफाइल. शिवाय लॉग-इनचे पान बुकमार्क करू नये. त्या पानाच्या पत्त्यात त्या वेळच्या विनंतीचा तपशील असतो, तो नंतर चालत नाही. बुकमार्क अॅपच्या मुख्य पानाचाच हवा.

दुसरा पुरावा : ओटीपी, अॅप, नवा फोन

पासवर्डनंतर मागितला जाणारा पुरावा आता बहुतेक ठिकाणी सक्तीचा आहे. ऑथेंटिकेटर अॅपमध्ये दिसणारा सहा आकडी कोड हा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२३८ या मानकावर चालतो. फोन आणि सर्व्हर यांच्याकडे एक समान गुपित असते आणि दोघेही त्या क्षणाच्या वेळेवरून कोड काढतात. कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. म्हणून फोनचे घड्याळ दोन-तीन मिनिटांनी पुढेमागे असले तरी प्रत्येक कोड चुकीचा ठरू शकतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की हा दोष तिथल्या तिथे जातो. या कोडला नेटवर्क लागत नाही. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीला लागते, आणि परदेशात रोमिंग बंद असेल तर तो येतच नाही. पुण्याहून प्रोजेक्टसाठी परदेशी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी अॅप किंवा दुसरी एखादी पद्धत नोंदवून ठेवली तर विमानतळावर उतरल्या उतरल्या अडकण्याची वेळ येत नाही.

नवा फोन घेतला की अॅप उतरवून घेणे पुरेसे नसते. बॅकअपमधून खात्यांची नावे परत आली तरी ऑफिसच्या खात्याला नव्या फोनवर पुन्हा साइन-इन करून नोंदणी करावीच लागते. जुना फोन हातात असेपर्यंत हे काम पाच मिनिटांचे आहे. तो विकून टाकल्यावर अॅडमिनकडून ‘टेंपररी अॅक्सेस पास’ म्हणजे ठरावीक वेळेपुरता चालणारा कोड घ्यावा लागतो. नंबर सोडून दिला असेल तर आणखी काळजी हवी. भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, पण नंतर दिला जाऊ शकतो. जुन्या क्रमांकावरची नोंद त्याआधी काढून टाकलीच पाहिजे.

आपण लॉग-इन करत नसताना मंजुरीची सूचना आली तर ती नाकारावी आणि आयटीला कळवावे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटदाराला मंजुरीच्या सूचनांचा मारा करून थकवले होते. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून सूचनेसोबत पडद्यावरचा दोन आकडी क्रमांक टाकणे सक्तीचे केले, ते अशाच हल्ल्यांमुळे. ‘हा जास्तीचा त्रास कशाला’ असे वाटणाऱ्याने ही घटना जरूर लक्षात घ्यावी.

यंत्रणाच बंद असताना

१४ डिसेंबर २०२० रोजी भारतात संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास जीमेल, ड्राइव्ह, मीट हे सारे एकदम बंद पडले आणि पाऊण तासाहून थोडा अधिक काळ बंद राहिले. गूगलच्या ओळख-सेवेला मिळणारी साठवणक्षमता एका स्वयंचलित यंत्रणेने चुकून घटवली होती. लॉग-इन न करता यूट्यूब उघडणाऱ्यांना व्हिडिओ दिसत होते. बंद पडले होते ते फक्त ओळख पटवणे. १५ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टकडेही एक सही-किल्ली (लॉग-इनचा पुरावा खरा आहे हे तपासण्याची डिजिटल किल्ली) आपोआप काढली गेल्याने टीम्ससह अनेक सेवांचे लॉग-इन जगभर अडले.

अशा वेळी आधी शेजारच्या सहकाऱ्याला विचारावे, मग सेवेचे सार्वजनिक स्थिती-पान पाहावे. आपण आत असू तर साइन-आउट करू नये, कारण आधी मिळालेले टोकन, म्हणजे लॉग-इन झाल्याचा डिजिटल परवाना, तासाभराच्या आसपास चालते. आणि पासवर्ड तर मुळीच बदलू नये. त्याने चालू असलेले सत्रही तुटण्याची शक्यता असते.

ज्या ठिकाणी लॉग-इनच्या वेळेवरून हजेरी धरली जाते, तिथे ही बाब पगाराशी जाऊन भिडते. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस जागेवर बसलेला असतो आणि प्रणाली त्याला गैरहजर धरते. सर्व्हर बंद असल्याची वेळ कापून न घेता हाताने हजेरी नोंदवण्याची सोय व्यवस्थापनाने आधीच लेखी ठरवून ठेवायला हवी. कर्मचाऱ्यानेही त्रुटीचा स्क्रीनशॉट वेळेसह जपून ठेवावा.

हेल्पडेस्कची जबाबदारी

अडलेल्याला मदत करण्याची घाई चोरालाही उपयोगी पडते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल-कॅसिनो कंपनीवर झालेल्या मोठ्या हल्ल्याची सुरुवात, त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, कर्मचारी असल्याची बतावणी करून हेल्पडेस्कला केलेल्या फोनने झाली. म्हणून पासवर्ड किंवा दुसरा पुरावा रिसेट करण्यापूर्वी नोंदवलेल्या क्रमांकावर उलट फोन करणे किंवा वरिष्ठाकडून खातरजमा करणे हा कामाचाच भाग आहे, आणि कर्मचाऱ्याने त्यात अपमान मानू नये. उलट, पासवर्ड किंवा ओटीपी विचारणारा कोणीही खरा हेल्पडेस्क नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात संस्थांना प्रणालीच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. त्यामुळे संशयास्पद लॉग-इनची तक्रार टिकिटांच्या ढिगात पडून राहू देणे परवडणारे नाही.

अॅडमिन स्वतःच बाहेर अडकला तर काय, याची तयारीही लागते. मायक्रोसॉफ्ट दोन आपत्कालीन खाती वेगळी ठेवायला सांगते. ती कोणा एका व्यक्तीच्या नावावर किंवा फोनवर नसावीत, त्यांची कागदपत्रे किंवा सुरक्षा-किल्ल्या कुलपात असाव्यात, त्यांचा वापर झाला की लगेच इशारा यावा आणि ती चालतात की नाही हे ठरावीक काळाने तपासलेले असावे.