त्रैक्य निकियात जन्मलं का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत एक गोष्ट वारंवार ऐकू येते: त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव ही शिकवण, बायबलमध्ये नाहीच, 325 साली निकिया शहरातल्या चर्चच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने ते ठरवून घेतलं.

यातलं अर्धंच खरं आहे. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये सापडत नाही, हे कबूल करायलाच हवं. पण तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने त्याचा लॅटिन शब्द तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला वापरला होता, म्हणजे निकियाच्या शंभरएक वर्षं आधी. निकियात वाद होता तो पुत्राविषयी, म्हणजे येशूविषयी: तो पित्याच्या तत्त्वाचा, की निर्माण केलेला? पवित्र आत्म्याबद्दलचं सविस्तर विधान 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक कबुलीत, येतं.

मग आधार कुठे? मत्तय 28:19 मध्ये पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगितलं आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये ‘नाव’ एकवचनी आहे. आपल्याकडे मराठीत, कन्नडमध्ये, कोंकणीत बाप्तिस्म्याला म्हणतात ते हेच शब्द. 2 करिंथ 13:14 मध्येही तिघे एकत्र येतात. हे तिघे एकच देव कसे, हे मात्र ही वचनं उलगडून सांगत नाहीत. ती मांडणी पुढच्या पिढ्यांनी केली.

त्रैक्य मानणाऱ्या आपल्या बाजूच्या माणसांनाही एक विनंती: 1 योहान 5:7 मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’ हे वाक्य पुरावा म्हणून देऊ नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या विद्वानानेही ग्रीक नव्या कराराच्या आपल्या 1516 च्या आवृत्तीत ते घेतलं नव्हतं.