वरच्या मजल्यावरची पावले

हेडफोनला स्पीकर दोनच असतात, त्यामुळे त्यातून डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोनच आवाज येऊ शकतात आणि ‘चहूबाजूंनी आवाज’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे, असे माझे एक अभियंता स्नेही कित्येक वर्षे ठामपणे सांगत आले आहेत. मध्यंतरी ते रात्री जेवायला आले असता मी त्यांच्या डोक्यावर साधाच हेडफोन चढवला, हाती कंट्रोलर दिला आणि ‘रेसिडेंट ईव्हिल २’ या भयखेळाच्या २०१९ साली आलेल्या नव्या आवृत्तीतल्या पोलीस ठाण्यात त्यांना सोडून दिले. या ओसाड ठाण्यात लांब कोट आणि हॅट घातलेला एक अवाढव्य इसम खेळाडूच्या मागावर फिरत असतो. खेळणारे त्याला ‘मिस्टर एक्स’ म्हणतात. तो गोळ्यांनी मरत नाही, त्याला कसली घाई नसते, तो नुसता चालतो, आणि त्याच्या बुटांचा दणका इमारतभर ऐकू येत राहतो. दहाएक मिनिटांनी आमच्या स्नेह्यांनी खेळता खेळता मान वर केली आणि आमच्या दिवाणखान्याच्या छताकडे पाहिले. “अहो, हा वर आहे का?” त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

आपले मत बदलल्याचे त्यांनी अद्याप कबूल केलेले नाही. परंतु दोनच स्पीकर कानांच्या दोन बाजूंना असताना माणसाला छताकडे पाहावेसे का वाटले, हा प्रश्न भौतिकशास्त्राचाही आहे आणि मेंदूचाही, आणि मला तो फार आवडतो.

मूळ खेळ कॅपकॉम या जपानी कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी काढला. त्याचे दिग्दर्शन हिदेकी कामिया यांचे होते. त्या काळच्या यंत्राला संपूर्ण त्रिमित इमारत प्रत्येक क्षणी रंगवणे झेपत नसे, म्हणून पार्श्वभूमीची चित्रे आधीच तयार करून ठेवलेली असत आणि कॅमेरा खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात खिळवलेला असे. या अडचणीतूनच भीती निर्माण झाली, कारण वळणापलीकडे काय आहे ते पात्राला दिसत असले तरी खेळणाऱ्याला दिसत नसे. नव्या आवृत्तीत कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, खेळाडूला हवे तिकडे पाहता येऊ लागले, आणि जुन्या कॅमेऱ्याने आयते दिलेले ‘न दिसणे’ हातचे गेले. ते परत आणण्याचे काम, माझ्या मते, निर्मात्यांनी ध्वनीकडे सोपवले.

आवाजाची दिशा आपल्याला कशी कळते, हे पाहण्यासाठी प्रथम एक लहानसे गणित करू. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमच्या बरोबर उजवीकडे कोणी टाळी वाजवली, तर तो आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात डोक्याला वळसा घालून जातो. हा वळसा सुमारे २२ सेंटिमीटरांचा असतो, म्हणजे डावा कान सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका उशिरा ऐकतो. हा झाला जास्तीत जास्त फरक. तोच आवाज नाकासमोरून अवघा एक अंश बाजूला सरकला, तर दोन कानांपर्यंतच्या अंतरांत जेमतेम ३ मिलिमीटरांचा फरक पडतो आणि वेळेत सुमारे ९ मायक्रोसेकंदांचा. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाला समोरच्या बाजूला एवढा सूक्ष्म फरक खरोखरच ओळखता येतो. चेतापेशीतला एक विद्युत्‌ स्पंद सुमारे एक मिलिसेकंद टिकतो, हे लक्षात घेतले की या कर्तबगारीचे खरे मोल कळते: ज्या घड्याळाचा एक ठोका एवढा लांब आहे, त्याच घड्याळाने मेंदू ठोक्याच्या शंभराव्या हिश्श्याचा हिशेब ठेवतो.

वेळेखेरीज दुसरी खूण तीव्रतेची असते. लॉर्ड रॅले यांनी, म्हणजे आरगॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ चे नोबेल मिळवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी, १९०७ साली या दोन खुणांची वाटणी स्पष्ट केली. खर्जाच्या आवाजाची तरंगलांबी मोठी असते. १०० हर्ट्‌झच्या आवाजाची ती जवळपास साडेतीन मीटर भरते, त्यामुळे अशा लहरीला आपले डोके अडवूच शकत नाही आणि दोन्ही कानांत ती सारख्याच जोराने पोचते. तेथे उपयोग होतो वेळेच्या फरकाचा. उंच पट्टीच्या, आखूड लहरींच्या आवाजाला मात्र डोके आडवे येते, पलीकडच्या कानावर ध्वनीची ‘सावली’ पडते, आणि मेंदू तीव्रतेतल्या फरकावरून दिशा काढतो. या दोहोंची सीमा साधारण १,५०० हर्ट्‌झच्या आसपास आहे, जिथे तरंगलांबी २३ सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्या त्या वळशाएवढीच होते. बुटाच्या आवाजात टाचेचा खर्जातला दणका असतो आणि तळव्याची कोरडी, उंच करकरही असते, त्यामुळे पावलांचा आवाज दोन्ही खुणा एकदमच पुरवतो.

वेळेचे हे सूक्ष्म फरक मोजण्याची एक देखणी कल्पना लॉइड जेफ्रेस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडली. समजा, चेतापेशींची एक रांग आहे. तिच्या एका टोकाकडून डाव्या कानाचा संदेश येतो, दुसऱ्या टोकाकडून उजव्या कानाचा, आणि दोन्ही संदेश ज्या पेशीपाशी एकाच क्षणी पोचतात, तीच पेशी पेटते. डाव्या कानाने आधी ऐकले असेल, तर त्याचा संदेश रांगेत पुढपर्यंत जाऊन मग दुसऱ्याला भेटतो. कोणती पेशी पेटली, यावरून दिशा कळते. वेळेचे रूपांतर जागेत होते. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मासाकाझू कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जवळपास हीच रचना गव्हाणी घुबडाच्या मेंदूत सापडली. या पक्ष्याचे एक कर्णछिद्र दुसऱ्यापेक्षा थोडे वर असते, त्यामुळे तीव्रतेच्या फरकावरून त्याला आवाजाची उंचीही कळते, आणि मिट्ट काळोखात, केवळ पानांतल्या खसखशीवरून, ते उंदीर अचूक उचलते. या घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून उगाळत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, असे आपल्याकडे लहानपणी सांगितले जाई. या समजुतीने निदान दगड मारणारे हात तरी थांबले असतील. परंतु दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी याच पक्ष्याचा बळी दिला जातो आणि मग धान्याचे उंदीर मारायला विष विकत आणावे लागते, याला काय म्हणावे?

सस्तन प्राण्यांत मात्र प्रकरण इतके नीटनेटके नाही. २००१ साली गिनीपिगवर झालेल्या संशोधनात असे दिसले, की त्यांच्या अनेक पेशी ज्या वेळ-फरकाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, तो त्यांच्या इवल्याशा डोक्यावर कधी निर्माणच होऊ शकत नाही. त्यावरून, आपला मेंदू पेशींची रांग तपासत नसून मेंदूच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या एकूण प्रतिसादांची तुलना करत असावा, असे मत पुढे आले. हा वाद अजून मिटलेला नाही. याच खेळात ‘लिकर’ नावाचे एक प्राणीरूप आहे, ज्याचा मेंदू उघडा आहे आणि ज्याला डोळे नाहीत. त्याच्याजवळून धावलात तर ते झेप घेते, एकेक पाऊल जपून टाकलेत तर बहुधा जाऊ देते. त्याच्या त्या उघड्या मेंदूत जेफ्रेसची रांग आहे की नाही, हे निर्मात्यांनी सांगितलेले नाही.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आवाज बरोबर समोर असो, बरोबर मागे असो की डोक्यावर असो, तो दोन्ही कानांत एकाच वेळी आणि एकाच जोराने पोचतो. वेळ आणि तीव्रता या दोन्ही खुणा येथे मुक्या होतात. मग ‘वर’ कसे कळते? त्यासाठी उपयोगी पडते ती कानाची पाळी, जिच्याकडे आपण चष्म्याची काडी अडकवण्याची जागा एवढ्याच दृष्टीने पाहतो. तिच्या चढउतारांवरून परावर्तित होणारी लहर थेट आलेल्या लहरीत मिसळते आणि काही वारंवारता जवळजवळ पुसून टाकते. साधारण ६ ते १० हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात पडणारी ही खाच आवाज वर जाईल तशी सरकते, आणि मेंदू तिच्यावरून उंची वाचतो. योगायोग असा, की मूळ खेळ आला त्याच वर्षी, १९९८ मध्ये, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चार जणांच्या कानांत साचे बसवून पाळ्यांचा आकार बदलला. त्यांना डावे-उजवे पूर्वीसारखेच कळत राहिले, पण वर-खाली कळेनासे झाले. काही आठवड्यांत त्यांचे मेंदू नव्या कानांना सरावले. आणि मला सर्वांत नवल वाटते ते याचे, की साचे काढताच जुने कानही तत्काळ पूर्ववत चालले, जणू मेंदूत दोन्ही कानांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवलेले होते.

तेव्हा हेडफोनमधून ‘वर’ निर्माण करायचे असेल, तर डोके आणि पाळ्या आवाजावर जे संस्कार करतात ते हिशेबाने करून द्यावे लागतात. १९९४ साली एमआयटीमध्ये बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी ‘केमार’ नावाच्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवले आणि प्रतिध्वनीविरहित खोलीत ७१० निरनिराळ्या दिशांनी आवाज सोडून, प्रत्येक दिशेचा संस्कार आकड्यांत नोंदवला. एका कानासाठी असे ५१२ आकडे आहेत असे धरू. पावलाचा मूळ आवाज म्हणजेही आकड्यांची ओळच, सेकंदाला ४४,१०० आकड्यांची. या ओळीतला प्रत्येक आकडा त्या ५१२ आकड्यांनी क्रमाने गुणायचा, गुणाकार एकेक घर सरकवत एकमेकांत मिळवायचे, आणि जी नवी ओळ तयार होईल ती कानात सोडायची. या क्रियेला कन्व्हॉल्यूशन म्हणतात. एका कानासाठी सेकंदाला सव्वादोन कोटी गुणाकार झाले, दोन कानांसाठी साडेचार कोटी. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ३.४ कोटी ठोक्यांवर चालत असे, म्हणजे बाकी सगळे थांबवून प्रत्येक ठोक्याला एक गुणाकार केला असता, तरी एका जोडी बुटांचा आवाज त्याला पुरा झाला नसता. पुढे यंत्रे वेगवान झाली, फूरिये रूपांतराच्या, म्हणजे आवाज त्यातल्या निरनिराळ्या वारंवारतांत फोडण्याच्या गणिती युक्तीने गुणाकारही पुष्कळ वाचतात, आणि २०१९ च्या आवृत्तीत हा द्विकर्णी हिशेब खेळ चालू असतानाच होत राहतो.

यूट्यूबवर ‘८डी’ या नावाने जी गाणी फिरतात, त्यांत बहुतेक वेळा आवाज नुसता एका कानातून दुसऱ्या कानात फिरवलेला असतो आणि वर थोडा घुमारा चढवलेला असतो. आठ मिती तर सोडाच, तिसरीही त्यात धडपणे नसते. दुसरीकडे प्रामाणिक हिशेबालाही मर्यादा आहेत. मोजलेला कान पुतळ्याचा किंवा परक्या माणसाचा असतो, आणि पाळीचा आकार ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून काहींना समोरचा आवाज मागून येतो. प्रत्यक्ष जगात अशा वेळी आपण मान किंचित वळवतो आणि दोन कानांतला फरक कोणत्या बाजूला वाढतो त्यावरून समोर-मागे ठरवतो. हान्स वॉलॅक यांनी १९४० मध्येच हे दाखवून दिले होते. साध्या हेडफोनला मात्र मान वळल्याचे कळतच नाही, तो मानेबरोबर फिरतो. म्हणून आमच्या स्नेह्यांनी मान वर करूनही त्यांना काही नवे कळले नाही. मान वळवायची ती अंगठ्याने, कंट्रोलरची दांडी फिरवून. आणि कॅमेरा खांद्यामागे आल्यामुळेच ती सोय झाली, कारण कोपऱ्यात खिळलेल्या कॅमेऱ्याचे कान कोण कसे वळवणार?

एवढे असूनही मिस्टर एक्स नेमका कुठे आहे ते कळत नाही. याचे कारण मला त्या इमारतीच्या भिंतींत आणि तक्तपोशीत दिसते. कोणताही भरीव पडदा खर्जाचा आवाज सहज जाऊ देतो आणि उंच आवाज अडवतो. ढोबळ नियमाने, वारंवारता दुप्पट झाली की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. खेळातही बंद दारापलीकडची पावले अशीच बोथट होऊन येतात. पण उंची सांगणारी ती खाच तर ६ हजार हर्ट्‌झच्या पुढे होती! मजल्यातून झिरपून येताना ‘वर’ सांगणारा मजकूरच गाळला जातो, उरतो तो फक्त दणका, ज्यावरून डावे-उजवे तेवढे समजते. हाऊसिंग सोसायटीत रात्री खलबत्ता कुटणाऱ्याचा शोध नेहमी चुकीच्या दारापर्यंत जातो, त्यामागेही काही अंशी हेच असावे, शिवाय तेथे आवाज स्लॅबमधून आडवा फिरतो.

स्नेह्यांनी बराच वेळ एका अंधाऱ्या खोलीत थांबून कानोसा घेतला. अंगठ्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा एकदा आमच्या छताकडेही पाहिले. शेवटी “वरच आहे, शंभर टक्के,” असे म्हणून त्यांनी दार उघडले. तो दारातच उभा होता.