ऑयलर रूपांतर

पूर्णांकांच्या एका क्रमिकेवरून दुसरी क्रमिका तयार करण्याची चयनगणितातील रीत. एकाआड एक चिन्हे बदलणाऱ्या श्रेढीचे अभिसरण जलद करण्याची याच नावाची जुनी रीत वेगळी. तिचा येथे विचार केलेला नाही.

मूळ क्रमिकेचे म-वे पद अ(म) असेल, तर म रुपयांची नाणी अ(म) प्रकारची आहेत असे समजावे. क्रम न मोजता न रुपये जितक्या रीतींनी देता येतील, ते नवे पद ब(न). जनक फलनाच्या (क्रमिकेची पदे सहगुणक म्हणून घेतलेल्या घातश्रेढीच्या) भाषेत, प्रत्येक म साठी १/(१ − क्ष^म) हा अवयव अ(म) वेळा घेऊन सर्वांचा गुणाकार केला, की क्ष^न चा सहगुणक म्हणजे ब(न). मूळची सर्व पदे १ असली, तर विभाजन संख्या (एखादी संख्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून, क्रम न मोजता, किती रीतींनी मांडता येते ती संख्या) मिळतात : १, २, ३, ५, ७, ११, १५, २२… चारची विभाजने पाच : ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१.

छंदशास्त्रकार विरहांकाने (बहुधा सहावे ते आठवे शतक) लघु-गुरूंच्या मात्रांची केलेली मोजणीही १, २, ३, ५ अशीच सुरू होते. पण तीत क्रम महत्त्वाचा असल्याने पुढचे पद ८ येते. तिला विभाजन सिद्धांताचा उगम म्हणणे योग्य वाटत नाही.

यूरोपातील उगमाविषयी एकमत नाही. लाइप्निट्सने योहान बेर्नुलीला विभाजनांबद्दल विचारले होते आणि ते पत्र १६७४ मधले, असे काही ग्रंथांत आढळते. मात्र १६६७ मध्ये जन्मलेला योहान तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. तेव्हा हे साल पत्राचे नसून लाइप्निट्सच्या टिपणांचे असावे. निश्चित आधार आहे तो १७४० चा. ५० ही संख्या सात भिन्न भागांत किती प्रकारे मांडता येते, असे फिलिप नोदे याने ऑयलरला विचारले. उत्तर ५२२. ते काढताना ऑयलरने अनंत गुणाकारांचा वापर केला आणि १७४८ च्या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले. सर्वसाधारण अ(म) साठी ‘ऑयलर रूपांतर’ हे नाव मात्र बर्नस्टाइन व स्लोन यांच्या १९९५ च्या लेखनाच्या सुमारास रूढ झालेले दिसते.

प्रत्यक्ष आकडेमोडीला गुणाकार लागत नाही. न च्या प्रत्येक विभाजक द साठी द × अ(द) काढून बेरीज करावी, ती क(न). मग न × ब(न) = क(१)ब(न−१) + क(२)ब(न−२) + … + क(न)ब(०), येथे ब(०) = १. सर्व अ(म) = १ घेतल्यास क(१) ते क(४) या किमती १, ३, ४, ७ येतात; म्हणून ४ × ब(४) = १×३ + ३×२ + ४×१ + ७×१ = २०, म्हणजे ब(४) = ५.

मूळ क्रमिका १, २, ३, ४… असली, तर मॅकमहोनची प्रतलीय विभाजने, म्हणजे भाग ओळी व स्तंभांत, दोन्ही दिशांना न वाढता मांडलेली विभाजने (१, ३, ६, १३, २४, ४८…) येतात. केलीने १८५७ मध्ये मोजलेल्या मूळयुक्त वृक्षांची (एक बिंदू मूळ मानलेल्या, बंद चक्र नसलेल्या एकसंध बिंदू-रेषांच्या जाळ्यांची) क्रमिका १, १, २, ४, ९, २०, ४८… विशेष सुंदर आहे : रूपांतर केले, की तीच क्रमिका एक घर पुढे सरकून मिळते, कारण मूळ तोडले की उरतो तो लहान वृक्षांचा समूहच. संलग्न आलेखांच्या (एकसंध बिंदू-रेषांच्या जाळ्यांच्या) १, १, २, ६, २१… या संख्यांवरून सर्व आलेखांच्या १, २, ४, ११, ३४… याच रीतीने निघतात. उलट्या दिशेने जाताना मोबियस फलन (पूर्णांकाच्या मूळ अवयवांवरून १, −१ किंवा ० ही किंमत देणारे फलन) वापरतात.